नवीन सायकलची सीटपोस्ट ढिली बसतेय? क्लॅम्प आवळण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न मला जेवढा समजला तो असा: क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलच्या नव्या फ्रेमवर तुम्ही स्वतः सायकल बांधलीत, फ्रेमला २७.२ एमएमची सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा) लागते असं लिहिलेलं होतं, तशी ॲल्युमिनियमची २७.२ ची पोस्ट आणलीत, पण ती आत सोडली की सुर्रकन खाली जाते, क्लॅम्प (फ्रेमच्या तोंडाशी पोस्टला पकडणारं कडं) आवळला तरी तासाभराच्या राइडमध्ये सीट एक-दीड सेंटिमीटर खाली येते आणि वर कट् कट् आवाज. आता विचारताय की क्लॅम्प अजून आवळू का, नाहीतर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळू.

आवळू नका, हे पहिलं. आणि पत्रा चालतो, पण एकाच परिस्थितीत, ती पुढे सांगतो. बरीच वर्षं सायकली बांधतोय आणि ढिल्या पोस्टवर लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच, की क्लॅम्प म्हणजे फट भरायचं साधन आहे असं धरून चालतात. क्लॅम्पचं काम फक्त पकडायचं. पोस्ट आणि सीट ट्यूब (फ्रेमची उभी नळी, जिच्यात पोस्ट जाते) यांचं माप आधीच जुळलेलं असलं पाहिजे, मग क्लॅम्प वरून थोडासा चिमटा काढतो आणि काम होतं. माप जुळत नसेल तर क्लॅम्प ट्यूबला वाकवायला लागतो, आणि तिथून पुढे सगळी वाट लागते.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट नक्की करा, की पोस्टच सरकतेय. कारण कट् कट् आवाजाची निम्मी प्रकरणं पोस्टची नसतातच, सॅडलच्या (सीटच्या) खालच्या रेल, म्हणजे दोन दांड्या, ज्या क्लॅम्पमध्ये पकडलेल्या असतात तो ढिला असतो, नाहीतर कोरडा असतो, आणि माणूस बिचारा खालचा बोल्ट आवळत बसतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हणून पोस्टवर क्लॅम्पच्या अगदी लगत इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारा, टेपची खालची कड क्लॅम्पला टेकलेली, आणि टेपवर व क्लॅम्पवर मिळून पेनाने एक उभी रेघ ओढा. राइड करून या. पोस्ट खाली गेली असेल तर टेप क्लॅम्पवर चुरगळलेली दिसेल, फिरली असेल तर रेघ तुटलेली दिसेल. दोन्ही जागच्या जागी असून सीट मात्र पुढे-मागे झुकली असेल किंवा आवाज तसाच असेल तर वरचे बोल्ट बघा. तुमचं वर्णन वाचून पोस्टच वाटते, पण पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

आता ढिली म्हणजे किती ढिली. क्लॅम्प सोडलेला असताना पोस्ट स्वतःच्या वजनाने खाली गेली, एवढ्यावरून ती चुकीची ठरत नाही. चांगल्या रीम केलेल्या (आतून कापून गोल आणि मापात आणलेल्या) ट्यूबमध्ये, ग्रीस लावलेली, बरोबर मापाची पोस्टसुद्धा आपोआप खाली जाते, फक्त जाताना ती तेलातून गेल्यासारखी जाते, खडखडत नाही. खरी परीक्षा डुलण्याची. पोस्ट शंभरेक एमएम आत ठेवा, क्लॅम्प पूर्ण सैल करा, आणि पोस्टचं डोकं दोन बोटांत धरून आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे हलवा. १०० एमएम आत आणि २०० एमएम बाहेर असेल तर ट्यूबमधली फट (ट्यूबचं आतलं माप वजा पोस्टचं माप) वर डोक्याशी साधारण दुप्पट होऊन दिसते. ०.१ ची फट असेल तर वर ०.२, म्हणजे हाताला जाणवली तर जाणवली. आतून ठक् ठक् ऐकू आलं, खालचं टोक भिंतीवर आपटतंय असं वाटलं, तर माप चुकलंय. एकाच दिशेने डुलत असेल आणि दुसऱ्या दिशेने घट्ट असेल तर ट्यूब गोल राहिलेली नाही, टॉप ट्यूबचं (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीचं) वेल्डिंग होताना उष्णतेने ती अंडाकृती झालीय आणि नंतर कोणी रीमर फिरवलेला नाही, किंवा नीट फिरवलेला नाही.

दुसरी खूण मला सगळ्यात आवडते कारण तिला कुठलंही हत्यार लागत नाही. सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला मागे (काही फ्रेमना पुढे) एक उभी चीर असते बघा. पोस्ट हव्या त्या उंचीवर ठेवून क्लॅम्प नेहमीसारखा आवळा आणि मग त्या चिरेकडे मागून, डोळे तिच्या पातळीवर आणून बघा. दोन्ही कडा समांतर असतील, वर-खाली सारखंच अंतर, तर माप बरोबर आहे. वर कडा जवळ आल्यात आणि खाली लांब, म्हणजे इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखं दिसतंय, तर पोस्ट बारीक आहे. वर फाकलेली असेल तर पोस्ट जाड आहे, कोणीतरी ठोकून घातलीय.

हे असं का दिसतं, तर साधा परिघाचा हिशोब आहे. ट्यूबचा व्यास ०.१ ने कमी करायचा तर चीर ०.३ एमएमने मिटावी लागते. ०.२ साठी ०.६ पेक्षा थोडं जास्त. आणि ०.४ ची फट असेल तर चीर सव्वा एमएम मिटवावी लागते, आणि ती चीर मुळात असते किती, दोन-तीन एमएमची. म्हणजे तिचा अर्ध्याच्या आसपास भाग तुम्ही निव्वळ आवळून मिटवताय, आणि तो फक्त वरच्या टोकाला मिटतो, खाली ट्यूब आहे तशीच राहते. पोस्टला पकड मिळते ती फक्त वरच्या कडेच्या एका अरुंद कड्यावर. मग तुम्ही पेडल मारताना ती त्या कड्यावर टेकून डोलते, खालचं टोक आत घासतं (तुमचा आवाज बहुतेक तिथलाच) आणि प्रत्येक डोलण्यागणिक केसभर खाली सरकते.

म्हणून आता मोजा. व्हर्नियर कॅलिपर पाहिजे, स्वस्तातला डिजिटल चालेल, पण आधी जबडे बंद करून शून्य येतंय का बघा. पोस्टचं माप तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये आणि खालच्या टोकाजवळ, आणि प्रत्येक ठिकाणी पोस्ट पाव फेरा फिरवून परत. पोस्टवर किमान इन्सर्शनच्या रेघेजवळ (पोस्ट निदान इथपर्यंत आत पाहिजे असं सांगणारी खूण) २७.२ कोरलेलं असेल, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २७.२ लिहिलेली पोस्ट २७.१५ भरली तर ठीकच म्हणायचं, पण २७.० च्या आसपास भरलेल्याही मी हातात धरल्यात, आणि त्यातली एक तर वर बरोबर आणि खाली बारीक होती, म्हणजे पॉलिश करताना कारागिराचा हात जास्त वेळ फिरला असणार. अशी निघाली तर विषय संपला, पोस्ट परत करा.

ट्यूबचं आतलं माप घेणं जरा किचकट. कॅलिपरच्या वरच्या छोट्या जबड्यांनी घ्यायचं, पण चिरेजवळ घेतलेल्या मापाला अर्थ नाही कारण तुम्ही तो भाग आधीच आवळून आवळून आत दाबलाय. जबडे जेवढे खाली जातील तेवढे घाला, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशी दोन मापं घ्या, आणि जबडे किंचित हलवत सगळ्यात मोठा आकडा येईल तो धरा. शिवाय हे छोटे जबडे थोडे सपाट असतात त्यामुळे गोल भोकात आकडा जरासा कमीच दाखवतात, तेवढं लक्षात असू द्या. खरं सांगायचं तर माझा भरवसा कॅलिपरपेक्षा पोस्टवरच जास्त. माझ्याकडे जुन्या तुटक्या पोस्टचे तुकडे कापून ठेवलेत, २६.८, २७.०, २७.२, २७.४, प्रत्येक नीट मोजून वर मार्करने लिहिलेला, ते एकेक करून घालून बघतो. जो हाताने फिरवत जातो आणि डुलत नाही तो फ्रेमचा साइझ. तुमच्या ओळखीत कोणाकडे दोन-तीन पोस्ट असतील तर हेच करा.

स्टीलच्या फ्रेमला अजून एक पडताळा आहे. सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास बहुतेक वेळा २८.६ एमएम असतो (सव्वा-एक इंच नव्हे, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, जुन्या इंचातल्या मापांचा वारसा). वरच्या टोकाला भिंत ०.७ जाड असेल तर दोन्हीकडची मिळून १.४ गेली, राहिले २७.२. भिंत ०.६ ची असेल तर आतून २७.४ होतं, आणि मग २७.२ ची पोस्ट त्यात डुलणार आणि २७.४ ची बसणार. हो, २७.४ ची पोस्ट असते, कमी दिसते पण असते. जुन्या स्टीलच्या फ्रेम्समध्ये तर २५ च्या पुढून २७.४ पर्यंत ०.२ च्या पायऱ्यांनी किती साइझ आहेत, त्याची मोठी यादीच शेल्डन ब्राऊन नावाच्या सायकल मेकॅनिकने करून ठेवली होती. ते २००८ मध्ये गेले, पण जुनी फ्रेम हातात आली की अजूनही लोक आधी ती यादी बघतात. फ्रेमच्या कागदावर २७.२ लिहिलंय याचा अर्थ प्रत्यक्षात तसंच आहे असं नाही, काही ठिकाणी २७.२ हे सवयीने लिहिलं जातं.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमवाल्यांसाठी जाता जाता: तिथे गोंधळ वेगळा, ३०.९ आणि ३१.६. दोन्ही दिसायला सारख्या, ३०.९ ची पोस्ट ३१.६ च्या फ्रेममध्ये आरामात जाते आणि तब्बल ०.७ ची फट राहते. तिथे विचार करण्यासारखं काही नाही, पोस्ट बदला.

परत तुमच्याकडे. पोस्ट आणि ट्यूब दोन्ही नीट भरल्या तर क्लॅम्प बघा, कारण क्लॅम्पच चुकीचा असेल तर पोस्ट बरोबर असूनही सरकते. क्लॅम्पच्या आतल्या बाजूला आकडा असतो, २८.६ च्या ट्यूबला २८.६ चाच पाहिजे. ३०.० चा लावला तर तोही बसल्यासारखा वाटतो, बोल्ट आवळताना हाताला घट्ट लागतो, पण तो घट्टपणा क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना टेकल्याचा असतो, पोस्टला धरल्याचा नसतो. आवळल्यावर कानांमध्ये निदान एक एमएमची फट दिसलीच पाहिजे. क्लॅम्प ट्यूबवर पूर्ण खाली बसलाय का तेही बघा, आतली वरची कड ट्यूबच्या तोंडावर टेकली पाहिजे. नवीन फ्रेमवर पावडर कोटचा जाड थर असेल तर तो क्लॅम्पखाली पहिल्या काही राइडमध्ये दबतो आणि पकड आपोआप सैल होते, त्यामुळे नव्या बिल्डमध्ये पहिल्या आठवड्यात एकदा परत टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) बघणं हे गृहीतच धरा. क्विक रिलीजचा (हाताने लिव्हर उघडून सोडायचा) क्लॅम्प असेल तर तो काढून बोल्टचा लावा, तुम्हाला रोज सीट वरखाली करायची नसेल तर त्या लिव्हरचा उपयोग फक्त चोराला.

आणि ग्रीस. धातूच्या फ्रेममध्ये धातूची पोस्ट असेल तर ग्रीस लावायचंच, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना असं धरतात की मग पोस्ट कापून काढावी लागते. पण लोक ते पावाला लोणी लावल्यासारखं थापतात. पातळ थर पुरे. पोस्ट सरकतच असेल तर ग्रीस पूर्ण पुसून, पोस्ट आणि ट्यूबचा आतला वरचा भाग स्पिरिटने स्वच्छ करून कार्बन पेस्ट लावा. नावात कार्बन असलं तरी धातूला चालते, त्यात बारीक रवाळ कण असतात ते पकड वाढवतात, त्यामुळे कमी टॉर्कमध्ये काम होतं. पोस्टवर ओरखडे येतील, ते येणारच. पोस्ट कार्बनची असेल तर ग्रीस अजिबात नको, पेस्टच.

आता माझा अंदाजाचा हिशोब सांगतो, कंपनीचा नाही, हातातला. फट ०.१ पर्यंत असेल तर काहीच करायचं नाही, स्वच्छता, पेस्ट आणि योग्य टॉर्क. ०.१ ते ०.२ च्या मध्ये असेल तर पेस्टवर बहुतेक निभतं, नाही निभलं तर पत्रा. ०.२ च्या आसपास पक्की असेल तर पत्र्याची खरी जागा ही, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या साइझची पोस्ट. त्याच्या वर गेली तर पत्र्याचे थरावर थर चढवत बसू नका, बरोबर मापाची पोस्ट घ्या किंवा लेथवर काढलेली जाड भिंतीची तयार शिम (फट भरायची नळी).

कॅनचा पत्रा साधारण ०.१ एमएम जाड असतो, म्हणजे एक वेढा दिला की व्यासात ०.२ भरतात. नेमकी याच एका परिस्थितीत ती युक्ती बसते. एकच वेढा, दोन नाही. दोन थर एकमेकांवर सरकतात आणि आत चुरगळतात, मग पोस्ट निघायची नाही. उंच ५०० मिलीची कॅन घ्या कारण छोट्या कॅनचा सरळ भाग लांबीला पुरत नाही. २७.२ च्या पोस्टचा परीघ साडेपंच्याऐंशी एमएम, तर पत्रा ८३ च्या आसपास रुंद कापा, दोन कडा एकमेकांवर चढता कामा नयेत, मध्ये दोन-अडीच एमएमची फट राहू द्या आणि ती फट फ्रेमच्या चिरेसमोर येऊ द्या. लांबी पोस्ट आत जाईल तेवढी, किमान १०० एमएम. इथे लोक आळस करतात, वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये पट्टी खुपसतात, त्याने वर पकड येते पण खाली पोस्ट तशीच मोकळी डोलते, आपण होतो तिथेच. बाहेरचा रंग आणि आतलं पातळ कोटिंग दोन्ही पॉलिश पेपरने घासून काढा, ते गुळगुळीत असतं. वरच्या कडेला सेंटिमीटरभर जास्त ठेवून त्याला उभे काप द्या आणि त्या पाकळ्या ट्यूबच्या तोंडावर बाहेर दुमडा, म्हणजे पत्रा आत पडत नाही. क्लॅम्पच्या कडेखाली पाकळ्या दबतात, दिसतही नाहीत. हात सांभाळा, ती कड ब्लेडसारखी असते, माझ्या अंगठ्यावर खूण आहे. आणि कार्बनच्या पोस्टला हा प्रकार करू नका, तीच कड पोस्टला कापते.

हे सगळं घरगुती वाटत असेल तर पितळेचा शिमचा पत्रा मशीनच्या कामाला मिळतो, ०.०५, ०.१, ०.१५ अशा जाडीत. तो जास्त सरळ राहतो, मला तोच आवडतो.

जास्त आवळायला का नको म्हणतो त्याचा किस्सा. सुरुवातीच्या काळात माझ्याच एका स्टीलच्या फ्रेममध्ये २७.० ची पोस्ट होती, पाहिजे होती २७.२, घरात होती ती घातली. सरकायची. मी दर रविवारी पाव फेरा आवळायचो, आणि पाव फेऱ्याने दोन राइड निघायच्या म्हणून मला वाटायचं जमलं. चिरेच्या तळाशी एक गोल भोक असतं, ते शोभेला नसतं, चीर तिथे टोकदार संपली तर तिथूनच तडा सुरू होतो म्हणून गोल केलेलं असतं. एक दिवस पुसताना त्या भोकाखाली रंगात केसासारखी बारीक रेघ दिसली, नख फिरवलं तर नखाला लागली. रंग खरवडला तर खाली धातूतही होती. ब्रेझ करून (वितळलेल्या धातूने सांधून) फ्रेम वाचली, पण रंग जळला आणि पोस्ट शेवटी २७.२ चीच घ्यावी लागली, जी पहिल्या दिवशी घेतली असती तर एवढा तमाशा झाला नसता. तुम्हीपण आज चिरेखालची जागा पुसून उन्हात बघा, आवळत होतात म्हणताय म्हणून सांगतो.

टॉर्कचा आकडा क्लॅम्पवर छापलेला असतो, साधारण ४ ते ६ न्यूटन मीटर, बऱ्याच ठिकाणी ५. बोल्ट एम५ असेल तर त्याला ४ ची ॲलन की लागते आणि त्या छोट्या कीने दोन बोटांनी दाबलं तरी पाच सहज पार होतात, म्हणून मनगटाच्या अंदाजावर जाऊ नका, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) कोणाचा तरी मागून आणा. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीसचा ठिपका लावा, नाहीतर रेंच पाच दाखवेल पण त्यातला अर्धा जोर बोल्ट कुरकुरण्यातच गेलेला असेल.

किमान इन्सर्शनची रेघ आत गेलीच पाहिजे हे तुम्हाला माहीत असेलच, पण तेवढ्यावर थांबू नका, पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्या खाली गेलेलं हवं. उंच सीट ट्यूबच्या फ्रेममध्ये रेघ आत असूनही टोक जोडाच्या वरच राहू शकतं आणि मग सगळा भार ट्यूबच्या वरच्या मोकळ्या तुकड्यावर येतो. तुमची पोस्ट ढिली आणि शिवाय कमी आत असेल तर डुलणं दुप्पट होतं, म्हणून किती आत आहे तेही मोजा.

एक शेवटचं, फ्रेम नवीन आहे. ट्यूबच खरंच मोठी किंवा अंडाकृती निघाली तर रीमर, होन (आतून घासायचं हत्यार), कानस काहीही आत घालण्याआधी आकड्यांचे फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा. एकदा तुम्ही आतून धातू खरवडला की तो म्हणणार हे तुम्हीच केलंय, आणि त्याला खोटं पाडायला तुमच्याकडे काही उरत नाही. तसंही ढिल्या ट्यूबला रीमरने काय होणार, ती अजून मोठीच होणार.

मापं नसताना एवढं बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच आहे, त्यामुळे पोस्टचे तीन आकडे, ट्यूबचे दोन, क्लॅम्पच्या आत लिहिलेला एक आणि पोस्ट किती एमएम आत आहे तो, एवढे कळवा, सोबत आवळलेल्या चिरेचा मागून सरळ काढलेला फोटो. मग पत्रा, २७.४ की परत पाठवायची, ते नक्की सांगतो. तोपर्यंत राइड करायचीच असेल तर पोस्ट पुसून, पेस्ट लावून, ५ न्यूटन मीटरवर, टेप मारून करा, आणि सरकली तर सरकू द्या, वाटेत आवळू नका.